मीठ उदासीन, मग तुरटी आम्लधर्मी का? क्षारांच्या द्रावणाचा सामू ओळखायची आणि मोजायची रीत

हळदीचा डाग पडलेल्या कपड्यावर साबण घासला की डाग लाल होतो, हे मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही. साबण आम्लारिधर्मी आहे म्हणून हळद लाल होते, इथवर शाळेत शिकवतात. पण साबण हा स्वतः एक क्षार आहे. तेलातले मेदाम्ल आणि कॉस्टिक सोडा यांच्या उदासिनीकरणातून तो तयार होतो. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना पुरून उरले नाहीत, तर मागे राहिलेला पदार्थ उदासीन असायला हवा ना? साबण तसा नाही. तुरटीही तशी नाही. तिचे द्रावण लिंबूपाण्याच्या जवळपास आम्लधर्मी असते. खाण्याचा सोडा किंचित आम्लारिधर्मी, धुण्याचा सोडा चांगलाच आम्लारिधर्मी. मीठ मात्र खरोखर उदासीन.

एखादा क्षार पाण्यात टाकण्याआधीच त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी) साधारण किती येईल हे कसे सांगायचे, आणि मग तो घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मोजून कसा पडताळायचा, ते इथे पायरीपायरीने दिले आहे. क्षार हा शब्द या लेखात फक्त ‘आम्ल आणि आम्लारीपासून बनलेला आयनिक पदार्थ’ या अर्थाने वापरला आहे. बोअरच्या पाण्याच्या ‘क्षारां’चा विषय पुढे येईल, कारण ते या प्रयोगात सगळ्यात जास्त घोळ घालतात.

पायरी १: क्षाराचे दोन तुकडे करा

पाण्यात विरघळल्यावर क्षार म्हणून काही शिल्लकच राहत नाही. राहतात ते सुटे धन आयन आणि सुटे ऋण आयन. म्हणून पहिले काम म्हणजे नावावरून हे दोन तुकडे वेगळे लिहून काढणे.

मीठ: सोडियम आणि क्लोराइड. खाण्याचा सोडा: सोडियम आणि बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा: सोडियम आणि कार्बोनेट. नवसागर: अमोनियम आणि क्लोराइड. मोरचूद: कॉपर आणि सल्फेट. तुरटीत तीन येतात: पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट. बाजारात काही तुरटी पोटॅशियमऐवजी अमोनियमची असते, पण सामू ठरवण्याचे काम दोन्हींत ॲल्युमिनियमच करतो, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. युरिया या यादीत नाही. तो आयनांचा बनलेला नाही, त्यामुळे तो क्षारच नव्हे, आणि पुढचे नियम त्याला लावू नयेत.

पायरी २: प्रत्येक आयनाला एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा: हा आयन पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन घेतो का, पाण्याला देतो का, की नुसता तरंगत बसतो?

ऋण आयनांपासून सुरुवात करा. क्लोराइड, नायट्रेट आणि (व्यवहारापुरते) सल्फेट हे तीव्र आम्लांचे उरलेले भाग आहेत. तीव्र आम्ल हायड्रोजन आयन पूर्णपणे सोडून देते, म्हणजेच त्याच्या उरलेल्या भागाला तो परत घ्यायची ओढ जवळजवळ नसते. हे आयन पाण्याच्या वाट्याला जात नाहीत. ॲसिटेट, कार्बोनेट, फॉस्फेट, साबणातले मेदाम्लाचे आयन हे सौम्य आम्लांचे भाग. सौम्य आम्ल मुळातच हायड्रोजन आयन सोडायला नाखूश असते, म्हणून त्याचा उरलेला भाग संधी मिळताच पाण्याकडून तो ओढून घेतो आणि पाण्याचा हायड्रॉक्साइड मागे उरतो. द्रावण आम्लारिधर्मी होते ते असे. आम्ल जितके सौम्य, तितका त्याचा ऋण आयन जोरकस.

धन आयनांत अमोनियमचे काम सरळ आहे. तो सौम्य आम्लारी अमोनियापासून बनला आहे आणि एक हायड्रोजन आयन पाण्याला देऊन परत अमोनिया होऊ शकतो. धातूंच्या आयनांकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण त्यांच्याकडे द्यायला हायड्रोजनच नसतो आणि नवशिक्याची गाडी इथेच अडते. ॲल्युमिनियम आयन आकाराने लहान आणि त्यावर तीन धन प्रभार. पाण्यात तो एकटा नसतो. सहा पाण्याचे रेणू त्याला चिकटून असतात, आणि तो त्यांच्या ऑक्सिजनकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढतो की त्या रेणूंमधला हायड्रोजनचा बंध ढिला पडतो. मग एखादा हायड्रोजन आयन सुटून बाहेरच्या पाण्यात जातो. म्हणजे आम्ल ॲल्युमिनियममधून येत नाही, त्याला चिकटलेल्या पाण्यातून येते. सोडियम आणि पोटॅशियम मोठे आणि एकाच प्रभाराचे. त्यांना हे जमत नाही.

या ओढीचे माप पीकेए या आकड्यात मिळते. आकडा जितका लहान, तितके आम्ल जोरकस. फेरिक लोहाचा साधारण २.२, ॲल्युमिनियमचा ५, कॉपरचा ८ च्या आसपास, झिंकचा ९, अमोनियमचा ९.२५, मॅग्नेशियमचा ११.४, कॅल्शियमचा १२.८. शेवटचे दोन व्यवहारात उदासीनच धरायचे.

पाठ्यपुस्तकातला तक्ता (तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी असेल तर द्रावण आम्लधर्मी, उलट असेल तर आम्लारिधर्मी) याच प्रश्नाचे संक्षिप्त रूप आहे. तो पाठ करायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. तो दिशा सांगतो, आकडा सांगत नाही, आणि काही ठिकाणी दिशाही चुकवतो. सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम बायसल्फाइट ही जोडी घ्या. दोन्ही सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारीपासून बनलेली, तक्त्यानुसार दोन्ही आम्लारिधर्मी. प्रत्यक्षात पहिल्याचा सामू ८.३ आणि दुसऱ्याचा ४.५ च्या आसपास. सरबते टिकवायला वापरतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पाण्यात गेल्यावर बायसल्फाइटच देते, आणि तेही आम्लधर्मीच असते.

कारण या दोन्ही ऋण आयनांकडे अजून एक हायड्रोजन शिल्लक आहे. ते तो देऊही शकतात आणि आणखी एक घेऊही शकतात. कोणती ओढ जिंकते हे पाहायला दोन आकडे लागतात, आणि तिथे तिसरी पायरी येते.

पायरी ३: आकडा काढा

गणित अवघड नाही. लॉगॅरिथमची भीती वाटत असेल तर ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल क्षार) द्रावणापुरती ही तीन सूत्रे पुरतात. तापमान २५ अंश सेल्सियस धरले आहे.

धन आयन आम्ल असेल तर: सामू = (पीकेए + १) ÷ २.

ऋण आयन आम्लारी असेल तर, त्याच्या मूळ आम्लाचा पीकेए घेऊन: सामू = ७ + (पीकेए − १) ÷ २.

ऋण आयन देणाराही आणि घेणाराही असेल तर, त्याचे दोन्ही बाजूंचे पीकेए घेऊन: सामू = (पहिला + दुसरा) ÷ २.

नवसागर: (९.२५ + १) ÷ २ = ५.१.
तुरटी: (५ + १) ÷ २ = ३.
सोडियम ॲसिटेट, ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६: ७ + ३.७६ ÷ २ = ८.९.
धुण्याचा सोडा, बायकार्बोनेटचा पीकेए १०.३३: ७ + ९.३३ ÷ २ = ११.७. इथे पाण्याशी होणारी क्रिया थोडी जास्त असल्याने अचूक उत्तर किंचित कमी, ११.६५ येते.
खाण्याचा सोडा, कार्बॉनिक आम्लाचे पीकेए ६.३५ आणि १०.३३: सरासरी ८.३.
सोडियम बायसल्फाइट, १.८५ आणि ७.२: सरासरी ४.५.

तिसऱ्या सूत्रात संहती कुठेच येत नाही. म्हणून खाण्याच्या सोड्याचे द्रावण दाट केले काय किंवा पातळ केले काय, सामू जवळपास तोच राहतो. पहिल्या दोन सूत्रांतला १ मात्र ०.१ मोलार संहतीतूनच आला आहे; तिथे द्रावण दहापट पातळ केले की सामू ०.५ ने ७ कडे सरकतो. ०.०१ मोलार नवसागराचा सामू ५.६ येईल.

अमोनियम ॲसिटेटसारखा क्षार, ज्याचे दोन्ही आयन पाण्याशी क्रिया करतात, तिथे आम्ल बाजूचा पीकेए आणि आम्लारी बाजूचा पीकेबी (आम्लारीच्या जोराचे तसेच माप) यांची तुलना करायची. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आणि अमोनियाचा पीकेबी ४.७५. दोघे जवळजवळ सारखे, म्हणून सामू ७. हा योगायोग आहे, नियम नाही. सौम्य अधिक सौम्य म्हणजे उदासीन असे लिहून गुण घालवणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

या क्रियेला जलापघटन म्हणतात. शब्द मोठा असला तरी क्रिया अनेकदा अगदी थोडी होते. ०.१ मोलार नवसागरात दर १३,००० अमोनियम आयनांपैकी साधारण एकच हायड्रोजन सोडतो. धुण्याच्या सोड्यात मात्र दर २२ कार्बोनेट आयनांपैकी एक पाण्याशी क्रिया करतो. म्हणूनच तो बुळबुळीत लागतो, हात कोरडे करतो आणि तेलकट ओटा साफ करतो.

पायरी ४: द्रावणे बनवा

लागणारे सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, १०० मिलिलिटरचे मोजपात्र, सात-आठ काचेचे पेले, काचेची कांडी किंवा स्टीलचा चमचा (मोरचुदासाठी चमचा नको), आणि दोन लिटर डिस्टिल्ड पाणी. गॅरेजमध्ये बॅटरीत भरायला मिळते ते पाणी चालते. बॅटरीचे ॲसिडही तिथेच तशाच कॅनमध्ये विकतात, म्हणून लेबल वाचून घ्या.

पाणी आधी पाच मिनिटे उकळा आणि झाकण ठेवून थंड करा. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने उघड्यावरच्या डिस्टिल्ड पाण्याचा सामू ७ नसतो, ५.६ पर्यंत उतरलेला असतो. उकळल्याने तो वायू निघून जातो.

प्रत्येकी १०० मिलिलिटर ०.१ मोलार द्रावणासाठी वजने अशी:

- मीठ ०.५८ ग्रॅम
- खाण्याचा सोडा ०.८४ ग्रॅम
- धुण्याचा सोडा, कोरडी भुकटी असेल तर १.०६ ग्रॅम, पाणीदार मोठे स्फटिक असतील तर २.८६ ग्रॅम
- नवसागर ०.५४ ग्रॅम
- सोडियम ॲसिटेट, स्फटिकरूप, १.३६ ग्रॅम
- तुरटी ४.७४ ग्रॅम, बारीक कुटून
- मोरचूद २.५० ग्रॅम

क्षार आधी ७०-८० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी घाला. तुरटीला वेळ लागतो. पाणी कोमट केले तर चालेल. खाण्याच्या सोड्याला मात्र गरम पाणी लावू नका. त्याचा काही भाग फुटून धुण्याचा सोडा होतो आणि सामू वर चढतो.

काटा इतका बारीक नसेल तर? घाबरू नका. वजनात २० टक्के चूक झाली तरी सामू जेमतेम ०.०४ ने बदलतो. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर दहापट सामान घेऊन एक लिटर द्रावण केले तरी काम भागते. या प्रयोगात वजनापेक्षा स्वच्छतेला महत्त्व आहे. धुण्याच्या सोड्याचा चमचा न धुता नवसागरात घातला तर उत्तर हमखास चुकते.

नवसागर काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, मोरचूद कृषी सेवा केंद्रात. खाण्याचा सोडा घेताना पुडी वाचा. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेले असते.

पायरी ५: मोजा

स्वस्तातला सामू-पेन असेल तर आधी त्याचे अंशांकन करा. सोबत ४.०१, ६.८६ आणि ९.१८ अशा तीन पुड्या येतात. प्रत्येक पुडी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा २५० मिलिलिटर, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची. या पुड्यांत असतात तेही क्षारच: पहिलीत पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, दुसरीत दोन फॉस्फेट, तिसरीत बोरॅक्स. आपण आत्ता शिकलो तीच रसायनक्रिया प्रमाण म्हणून वापरली जाते. आधी ६.८६ ला पेन जुळवा, मग आम्लधर्मी द्रावणांसाठी ४.०१ ला आणि आम्लारिधर्मींसाठी ९.१८ ला.

मोजण्याचा क्रम पाळा: आधी मीठ, मग नवसागर, ॲसिटेट, खाण्याचा सोडा, मोरचूद, आणि सगळ्यात शेवटी तुरटी व धुण्याचा सोडा. दर दोन मोजमापांमध्ये पेनचे टोक डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिशूने हलकेच टिपा. घासू नका.

पेन नसेल तर दर्शक घरीच बनतात. हळद सगळ्यात सोपी, पण तिचा उपयोग मर्यादित. ती ७.४ च्या खाली पिवळीच राहते आणि ८.६ च्या वर लाल होते. म्हणजे आम्ल ती दाखवतच नाही, आणि खाण्याच्या सोड्याला नुसती नारिंगी झाक येते. धुण्याच्या सोड्याला मात्र कुंकवासारखी लाल होते. लाल जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळल्या की दोन्ही बाजू दाखवणारा दर्शक मिळतो: आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवा. जांभळा कोबी यापेक्षाही चांगला. १०० ग्रॅम बारीक चिरून २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात टाकायचा. आम्लात लाल, उदासीन असताना जांभळा, ८ च्या आसपास निळा, ९ ते ११ मध्ये हिरवा, त्याच्यावर पिवळा. फ्रिजमध्ये हा रस दोन-तीन दिवस टिकतो, मग वास येतो.

प्रत्येक पेल्यात २० मिलिलिटर द्रावण आणि १० थेंब दर्शक एवढे पुरे. मागे पांढरा कागद धरून रंग पाहा.

अपेक्षित आकडे: मीठ ६ ते ७ च्या मध्ये कुठेतरी, नवसागर ५.१, ॲसिटेट ८.९, खाण्याचा सोडा ८.३, धुण्याचा सोडा ११.६, मोरचूद ४ ते ४.५, तुरटी ३ ते ३.३.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

सर्वात मोठा गुन्हेगार नळाचे किंवा बोअरचे पाणी. त्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ४ मिलिमोलच्या घरात सहज असू शकते. नवसागराच्या आपल्या द्रावणात हायड्रोजन आयन लिटरमागे ०.००८ मिलिमोलसुद्धा नाहीत. म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट त्यांच्या ५०० पट. नवसागराचा आम्लधर्म त्यात कुठल्या कुठे विरून जातो आणि पेन ७ च्या वर आकडा दाखवतो. मग लोक म्हणतात की पुस्तकातले खोटे आहे. तुरटी मात्र अशा पाण्यातही आम्लधर्मीच निघते, कारण ॲल्युमिनियम गरज पडेल तसे हायड्रोजन आयन सोडत राहतो आणि त्याचा साठा मोठा असतो.

मिठाचा आकडा स्थिर होत नाही, वर-खाली डोलतो. पेन बिघडलेले नाही. मिठाच्या द्रावणात सामू धरून ठेवणारे काहीच नसते, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड, पेल्याला राहिलेला साबण, बोटाचा घाम, काहीही तो हलवू शकते. पुडीतले मीठ मोकळे राहावे म्हणून मिसळलेल्या पदार्थांमुळे काही वेळा आकडा ८ पर्यंत चढतो. शंका असेल तर खडामीठ घेऊन पाहा.

खाण्याच्या सोड्याचा आकडा ९ च्या वर आला तर सोडा जुना आहे किंवा उष्णतेत पडून राहिला आहे. हाच दोष मुद्दाम करून पाहण्यासारखा आहे: ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन ५.३ ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. वजन एवढे उतरले की काम पूर्ण झाले. त्याचे द्रावण करून हळदीचा कागद बुडवा, फरक लगेच कळेल.

तुरटीत कोबीचा किंवा जास्वंदीचा रस घातल्यावर अपेक्षेइतका लाल येत नाही, जांभळट दिसतो. इथे रंगाने फसवले आहे. ॲल्युमिनियम फुलांच्या रंगद्रव्याला स्वतःच चिकटतो आणि रंग निळ्याकडे सरकवतो. रंगारी तुरटी वापरतात ती याच गुणासाठी. तुरटीसाठी सामूपट्टी किंवा पेनच वापरा. मोरचूद तर स्वतःच निळा, त्यात दर्शकाचा रंग शोधू नका.

कॅरमची पावडर, म्हणजे बोरिक पावडर, हळदीच्या कागदावर टाकून तो वाळवला तर तांबूस रंग येऊ शकतो, आणि बोरिक आम्ल तर आम्ल आहे! हा सामूचा परिणाम नव्हे, बोरॉन आणि हळदीतल्या कर्क्युमिनची वेगळीच जोडी आहे. नवशिक्याला गोंधळवणारा हा एक अपवाद लक्षात ठेवा.

तापमानाचाही थोडा हात असतो. ६० अंशांवर शुद्ध उदासीन पाण्याचा सामू ६.५ असतो. तेव्हा गरम द्रावणात ७ च्या खाली आकडा दिसला म्हणून लगेच आम्ल समजू नका. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

घागर, द्राक्षबाग आणि ठिबक

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तेव्हा हेच जलापघटन काम करते. सोडलेले हायड्रोजन आयन पाण्यातले बायकार्बोनेट संपवते, ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड कापसासारखे पुंजके होऊन खाली बसते आणि मातीचे कण सोबत घेऊन जाते. १० लिटरच्या घागरीला पाव ते अर्धा ग्रॅम पुरतो. पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यात मात्र तुरटी नीट बसत नाही, कारण त्यात बायकार्बोनेट नसते. आम्ल तसेच राहते आणि हायड्रॉक्साइड तयारच होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की काम होते. तुरटीने पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत. प्यायचे असेल तर उकळावेच लागते.

मोरचुदाचे आम्लधर्मी द्रावण थेट पानावर फवारले तर पान जळते. त्यात मोकळे तांबे आणि आम्ल दोन्ही असतात. म्हणून बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचुदाच्या बुरशीनाशक फवाऱ्यात, चुना. फ्रान्सच्या बोर्दो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी हे मिश्रण जाहीर केले, आणि नाशिक-सांगलीच्या बागांत ते आजही वापरात आहे. १० लिटर १ टक्का मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, कापडाच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर टांगून विरघळवा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या. लोखंडी भांड्यावर तांबे जमा होते आणि मोरचूद वाया जातो. १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडा, गार होऊ द्या, ५ लिटर करून गाळा. मग मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात, ढवळत, ओता, उलट नाही. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, आणखी चुना घाला. चुना शुद्ध असेल तर १ किलो मोरचुदाला रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाव किलोही पुरे होतो. म्हणून समान वजनाचे मिश्रण बरेच आम्लारिधर्मी येते, आणि कोवळ्या फुटीवर फवारायचे असेल तर चुना एकदम न ओतता सामू ७ च्या आसपास थांबवणे शहाणपणाचे. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

झिंक सल्फेटच्या फवारणीत ०.५ टक्क्याला ०.२५ टक्का चुना घालण्याची शिफारस असते तीही याच कारणाने.

ठिबकमधल्या विद्राव्य खतांना हेच गणित लावा. १२:६१:० आणि ०:५२:३४ (नत्र:स्फुरद:पालाश यांची टक्केवारी) यांत डायहायड्रोजन फॉस्फेट आयन असतो. त्याचे पीकेए २.१५ आणि ७.२, सरासरी ४.७. म्हणून ही खते आम्लधर्मी, आणि ड्रिपरमध्ये साचलेला चुना थोडाफार विरघळवायलाही उपयोगी. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट: दोन्ही उदासीन. फॉस्फेटची खते कॅल्शियम नायट्रेटसोबत एका टाकीत कालवू नका, साका बसून ड्रिपर बंद होतील. तो जलापघटनाचा नव्हे, अविद्राव्य कॅल्शियम फॉस्फेटचा प्रताप.

अमोनियम सल्फेटने जमीन आम्लधर्मी होते हे खरे, पण ते मुख्यतः जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात त्यामुळे. पेल्यातला ५ च्या आसपासचा सामू आणि वर्षानुवर्षे जमिनीत होणारा बदल यांची सांगड घालू नका.

आवराआवर करताना

नवसागराचे उरलेले द्रावण धुण्याच्या सोड्यात किंवा चुन्यात ओतू नका. अमोनिया सुटतो आणि बंद खोलीत डोळे-घसा चुरचुरतो. ब्लीचिंग पावडरशी तर त्याची गाठ अजिबात घालू नका, त्यातून विषारी क्लोरामाइन तयार होतात. मीठ, सोडा, ॲसिटेट आणि तुरटी भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडली तरी चालते. मोरचूद चालत नाही, माशांना तो फार कमी प्रमाणातही घातक असतो. त्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण फेस थांबेपर्यंत घाला. निळसर-हिरवा साका खाली बसतो. वरचे पाणी बिनरंगी झाले की ते ओतून द्या, साका कागदात गाळून वाळवा आणि पुडी बांधून ठेवा. पुढच्या वेळी विरळ सल्फ्युरिक आम्लात तो विरघळला की परत मोरचूद मिळतो.